गोट्याची लघवी आणि फ्रीजमधला नमुना

पत्र लांब होतं, थोडं कापून देतो आहे.

«डॉक्टर, नमस्कार. आम्ही वाईला राहतो. आमचा गोट्या चार वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, वजन ६.२ किलो. घरात मांसाहार शिजत नाही, म्हणून पहिल्यापासून ड्राय फूडवर आहे. वाटी दिवसभर भरलेली असते. सासूबाई दोन वेळा दूध-पोळी कुस्करून देतात आणि शेजारच्या काकू अधूनमधून सुकट. दिवाळीत घरात बारा पाहुणे, बाहेर फटाके. गोट्या दोन दिवस माळ्यावरून उतरलाच नाही. तिसऱ्या दिवशी सारखा लघवीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला आणि ओरडायला लागला. पोट साफ होत नसेल असं समजून आम्ही रात्र काढली. सकाळी उलट्या झाल्या तेव्हा पुण्याला नेलं. लघवी तुंबली होती. नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं. रिपोर्टमध्ये स्ट्रुव्हाइट क्रिस्टल्स तीन प्लस, पीएच ७.५, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०५०. एक्स-रे आणि सोनोग्राफीत खडा नाही. युरिनरी फूड लिहून दिलं, पण ते तो हुंगतो आणि निघून जातो, म्हणून जुन्यातच थोडं मिसळते. गेल्या आठवड्यात रात्री नमुना धरला, फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी गावातल्या लॅबमध्ये दिला. ग्रॅव्हिटी १.०३० आली, पण क्रिस्टल्स पुन्हा एक प्लस! माझी झोप उडाली आहे. काकू म्हणतात कुळथाचं पाणी पाजा. नवरा म्हणतो नसबंदीमुळेच झालं. एकाने सांगितलं, ऑपरेशन करून मार्गच मोठा करून घ्या. आमची दुसरी मांजर मनी सहा वर्षांची, ती त्याच वाटीत खाते. हे फूड जन्मभर द्यायचं का? आणि मे महिन्यात आम्हाला आठ दिवस गावाला जायचं आहे, तेव्हा काय करू?»

ताई,

झोप उडवली ती दुसऱ्या रिपोर्टने, म्हणून आधी त्याचंच बघू. त्यातल्या ज्या आकड्याने तुम्ही घाबरलात तो घाबरण्यासारखा नाही, आणि ज्या आकड्याने तुम्हाला बरं वाटलं त्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही.

लघवी थंड झाली की तिच्यात विरघळलेले क्षार खाली बसतात, पाक गार झाल्यावर साखर बसते तसे. मांजराच्या पोटात स्फटिकाचा, म्हणजे क्रिस्टलचा, एक कणही नसला तरी रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या बाटलीत सकाळी ते दिसू शकतात. नमुना नुसता पडून राहिला तरी पीएच चढतो, म्हणजे लघवी अल्कधर्मी होत जाते. म्हणून क्रिस्टल्स बघायचे तर लघवी ताजी हवी, शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी. तुमचा एक प्लस गोट्याच्या मूत्राशयातला की तुमच्या फ्रीजमधला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आता ते १.०३०, म्हणजे ग्रॅव्हिटी, लघवीच्या दाटपणाचं माप. माणसांच्या लॅबमध्ये हा आकडा बऱ्याचदा रंग बदलणाऱ्या पट्टीवर काढतात, आणि त्या पट्टीचं माप बहुधा १.०३० लाच संपतं. लघवी १.०५० इतकी दाट असली तरी पट्टी त्याहून वर जाणार कुठे? शिवाय मांजराच्या लघवीला पट्टीचा हा चौकोन मुळातच भरवशाचा नाही. यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं एक साधं उपकरण असतं. त्याच्या काचेवर लघवीचा थेंब टाकायचा आणि दुर्बिणीसारखं उजेडाकडे धरून वाचायचं. पुण्यातला १.०५० त्यावरचा असणार. म्हणजे लघवी पातळ झाली असं समजून तुम्ही निश्चिंत झाला असाल, तर तसं काही सिद्ध झालेलं नाही.

एवढं लांबण लावलं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक. धडधाकट, ठणठणीत मांजरांच्या लघवीतही तो सापडतो आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. कुत्र्यांमध्ये स्ट्रुव्हाइटमागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, मांजरात बहुतेक वेळा नसतो, म्हणून दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स मागू नका. मग गोट्याची लघवी तुंबली कशाने? एक्स-रेत खडा नव्हता. तरुण बोक्यांत पुष्कळदा तुंबतं ते चिकट बुचामुळे. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यातून शेंबडासारखा स्राव आणि पेशी सुटतात, त्यात स्फटिक अडकतात आणि टूथपेस्टसारखी गुठळी तयार होते. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी अगदी निमुळती असते, तिथे ही गुठळी बसली की संपलं. भाटीला हाच आजार झाला तरी तिचा मार्ग रुंद आणि आखूड, त्यामुळे ती सहसा तुंबत नाही. स्फटिक या गुठळीतली वाळू आहे, सिमेंट मात्र सुजेतून आलेलं आहे. नुसती वाळू मोजत बसून चालणार नाही.

आणि सूज कशाने आली? तुम्ही स्वतःच लिहिलं आहे: बारा पाहुणे, फटाके, दोन दिवस माळा. दोन दिवस पाणी नाही, ट्रे नाही, लघवी आत धरून ठेवलेली, त्यात आधीच दाट. लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये ना खडा सापडतो, ना जंतू. त्याला ‘इडिओपॅथिक सिस्टायटिस’ म्हणतात. कारण नेमकं हाती लागत नाही, पण ताण वाढला की हा आजार उसळतो हे पुरतं ठाऊक आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. मांजराची राहणी सुधारली की मूत्राशयही सुधारतं, हे आज आम्ही जे सांगतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. गोट्याच्या बाबतीत स्ट्रुव्हाइट आणि दिवाळी, दोघांनी मिळून घात केला असं माझं मत आहे.

उपाय म्हणाल तर पहिला पाण्याचा, आणि दुसरा-तिसराही जवळजवळ त्याचाच.

आपल्या घरातली मांजरं आफ्रिकेतल्या रानमांजरांची वंशज. कोरड्या मुलखात उंदीर-पाखरं खाऊन राहायचं, आणि उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून मांजराला तहान अशी फारशी लागतच नाही. मूत्रपिंड लघवी पिळून दाट करतं आणि भागवतं. अशा प्राण्यापुढे आपण दाणे ठेवतो, ज्यांत आठ-दहा टक्के पाणी. पाच किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं. साठ ग्रॅम दाण्यांतून मिळतं सहा मिलिलिटर. उरलेलं त्याने वाटीतून प्यायला हवं, आणि तेवढं ते पीत नाही. उलट ८५ ग्रॅमच्या एका ओल्या पाऊचमध्ये ६५-७० मिलिलिटर पाणी असतं. तीन पाऊच म्हणजे दोनशे मिलिलिटर त्याने नकळत खाल्लं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिस्टायटिसच्या मांजरांना एकाच प्रकारचं युरिनरी खाणं दिलं होतं, काहींना ओलं आणि काहींना कोरडं. वर्षभरात कोरडं खाणाऱ्यांपैकी ३९ टक्के मांजरांचा त्रास उलटला, ओलं खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांचा.

तेव्हा ओल्या खाण्याचं मनावर घ्या. घरात सामिष शिजत नाही याची अडचण मला कळते, पण पाऊच शिजवायचा नसतो. त्याची वाटी आणि चमचा वेगळा ठेवा, पडवीत वाढा, लगेच धुऊन टाका. सासूबाईंना वासाचा त्रास होईल, त्यांच्याशी बोलून जागा ठरवा. परवडत नसेल तर निम्मं पोट पाऊचवर आणि निम्मं त्याच प्रकारच्या दाण्यांवर, दाण्यांत त्यांच्याइतकंच कोमट पाणी घालून. भिजवलेले दाणे आपल्या हवेत तासाभरात आंबतात, त्यामुळे लागेल तेवढेच भिजवायचे आणि उरलेलं टाकून द्यायचं. पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, पसरट, काठोकाठ भरलेली. नळासारखं वाहणारं कारंजं मिळतं. काही मांजरं त्यावर जीव टाकतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. बोअरच्या जड पाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळेच विचारतात. खाण्यातून जाणाऱ्या क्षारांपुढे पाण्यातले क्षार किरकोळ असतात. फिल्टरपेक्षा तो किती पितो हे महत्त्वाचं.

आता युरिनरी फूड. ही साध्या दुकानी खाण्याची महागडी आवृत्ती नव्हे. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट ही आपल्याकडे मिळणारी नावं. त्यांत मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून कमी केलेले असतात आणि लघवी किंचित आम्लधर्मी राहील अशी मांडणी असते. पीएच साधारण ६.५ च्या खाली राहिला की स्ट्रुव्हाइट टिकत नाही; स्फटिकच काय, चांगले वाटाण्याएवढे खडेसुद्धा अशा खाण्यावर दोन ते चार आठवड्यांत विरघळलेले मी एक्स-रेवर पाहिले आहेत. सुरी न लावता खडा जातो, हे पाहायला फार बरं वाटतं. पण अट एकच, त्या काळात दुसरं काहीही पोटात जाता कामा नये. तुम्ही जुन्यात थोडं नवं मिसळता आहात, त्यात गोट्याला ना धड हे मिळतं ना ते. मिसळणं हा वर जायचा जिना आहे, तिथेच मुक्काम ठोकायचा नाही.

जिना असा चढा. भरलेली वाटी आजपासून उचला. तीन-चार ठराविक वेळा वाढा, अर्ध्या तासाने उचला; मध्ये भूक लागू दे. आधी दहा भागांत एक भाग नवं, दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या. दहा दिवस लागतील, हट्टी असेल तर तीन आठवडे. पाऊच गरम पाण्यात धरून कोमट केलात तर वास सुटतो आणि निम्मी लढाई तिथे जिंकता येते. एका कंपनीचं नाहीच आवडलं तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीचं त्याच कामाचं आणा. पण ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवून जिरवायला जाऊ नका. कुत्र्याला चालेल, मांजराला नाही, आणि गोट्यासारख्या लठ्ठ मांजराला तर मुळीच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर चरबी यकृतात साठते आणि तो लघवीपेक्षा अवघड आजार होऊन बसतो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

दूध-पोळी बंद. सासूबाईंचं मन दुखवायचं नाही, म्हणून कारणासकट सांगतो. मांस खाणाऱ्या मांजराची लघवी आपोआप आम्लधर्मी राहते; धान्य वाढलं की ती अल्कधर्मी व्हायला लागते, आणि स्ट्रुव्हाइटला तेच हवं असतं. शिवाय मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही. सासूबाईंना गोट्याला भरवायचंच असेल तर पाऊच वाढायचं काम त्यांच्याकडे द्या. वासाची तक्रारही कमी होईल, हा माझा जुना अनुभव आहे. सुकट बंद. काटा-डोक्यासकट वाळवलेली मासळी म्हणजे क्षारांची पुडी.

कुळथाच्या पाण्याचं काकूंना प्रेमाने सांगा. माणसांमध्ये कुळीथ मूतखड्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, पण माणसाचा खडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा, मांजराचा हा वेगळा. आणि मांजराला जबरदस्तीने काही पाजलं की ते श्वासनलिकेत जाण्याची भीती मोठी. याहून वाईट म्हणजे घरातलं लघवीच्या जळजळीवरचं सायट्रेटचं सिरप. ते लघवी अल्कधर्मी करतं, म्हणजे स्ट्रुव्हाइटला आयतं खतपाणी. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, चतकोर गोळीनेही मांजर मरतं. लिंबू, व्हिनेगर वगैरे ‘आम्ल’ उपायही नकोत. युरिनरी फूड आधीच लघवी आम्ल करतं, त्यावर आणखी आम्ल घातलं की रक्तापर्यंत जातं.

नसबंदीचं यजमानांचं म्हणणं अर्धवट खरं आहे, आणि ते कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. माझी नोकरीची पहिली वर्षं तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथे लघवी कोंडलेले बोकड आणि गोऱ्हे यायचे, पोट फुगलेले, दात खाणारे. फार लहानपणी खच्ची केलेल्या गोऱ्ह्याची, बोकडाची मूत्रनलिका अरुंद राहते, त्यात भुसा-कोंड्याचा मारा झाला की फॉस्फेटचे खडे अडकतात. त्यांना आम्ही नवसागर द्यायचो, तोही लघवी आम्ल करायलाच. (हे वाचून गोट्याला नवसागर देऊ नका, मी हात जोडतो.) पण बैलाचं हे गणित बोक्याला लागू होत नाही, नसबंदीने बोक्याचा मार्ग अरुंद होतो असं तपासणीत आढळलेलं नाही. होतं ते असं की नसबंदीनंतर भूक वाढते, हिंडणं कमी होतं आणि वाटी दिवसभर भरलेली. ६.२ किलो त्यातून आले. लठ्ठ, सुस्त, घरकोंबड्या बोक्यांत हा आजार जास्त दिसतो. खाणं एकदा बसलं की आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम एवढ्याच गतीने वजन उतरवा, घाई नको. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं त्याच्याशी दोरी घेऊन खेळा. मनीने केलं नाही तरी चालेल, ती फिरत असेल.

मनीला हेच फूड चालेल का? ती प्रौढ आहे, मूत्रपिंडाचा विकार नसेल आणि गाभण नसेल तर देखभालीसाठीचं युरिनरी फूड तिने खाल्लं तर बहुधा बिघडत नाही. तिच्या डॉक्टरांना एकदा विचारा. वाट्या मात्र वेगळ्या आणि एकमेकांच्या नजरेआड ठेवा. ट्रे दोन मांजरांना तीन, तेही एका ओळीत नाही तर घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. धुलाई यंत्राशेजारी ट्रे ठेवतात लोक! माणसाला तरी तिथे बसवेल का? पुढच्या दिवाळीला गोट्यासाठी आतली एक खोली आधीपासून ठरवा, तिथेच ट्रे, पाणी, खाणं आणि त्याची नेहमीची गोधडी. पाहुण्यांच्या मुलांना सांगा, दार उघडायचं नाही.

ऑपरेशनचं इतक्यात मनात आणू नका. पेरिनिअल युरेथ्रोस्टॉमी म्हणतात तिला. निमुळतं टोक काढून मार्ग रुंद करतात. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या किंवा नळीच न जाणाऱ्या बोक्याचा ती जीव वाचवते. पण आतली सूज, स्फटिक, ताण तिने जात नाही, आणि पुढे जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. एकदा तुंबलेल्या बोक्यासाठी मी ती सुचवणार नाही.

जन्मभर का, हा खरा प्रश्न. याच्या मागे एक इतिहास आहे. १९८१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात प्राण्यांचे खडे तपासणारं केंद्र सुरू झालं. तेव्हा मांजरांच्या खड्यांपैकी ७८ टक्के स्ट्रुव्हाइटचे होते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे जेमतेम दोन टक्के. मग मॅग्नेशियमला खलनायक ठरवून कंपन्यांनी सरसकट सगळं मांजरांचं खाणं आम्लधर्मी केलं. स्ट्रुव्हाइट खाली आलं खरं, पण २००२ पर्यंत ऑक्झॅलेट ५५ टक्क्यांवर गेलं होतं. एक पाय काढला तर दुसरा रुतला. आणि ऑक्झॅलेट कुठल्याही खाण्याने विरघळत नाही, तो बाहेर काढावाच लागतो. म्हणून आजचं देखभालीचं खाणं दोन्ही खडे टाळायच्या बेताने बनवतात. वर्षानुवर्षं देता येतं, पण नजर ठेवून. खडा विरघळवण्यापुरतं असलेलं जहाल खाणं वेगळं, ते काही आठवड्यांचंच. पाकिटावर काय आहे ते डॉक्टरांना दाखवा. गोट्या पूर्ण युरिनरी खाण्यावर आला की तीन-चार आठवड्यांनी लघवी तपासा. नीट चाललं तर पुढे सहा महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं) आणि कॅल्शियम. आकड्यांत मी पहिल्यांदा बघतो ग्रॅव्हिटी: १.०३५ च्या खाली आली पाहिजे. मग पीएच, सहा ते साडेसहाच्या आसपास. पण जेवल्यावर तो थोडा वेळ चढतो, म्हणून नमुना कुठल्या वेळचा तेही लिहून ठेवा. क्रिस्टल्स शेवटी. आणि नमुना दवाखान्यातच द्या, शक्य तर डॉक्टरांनी सुईने मूत्राशयातून काढलेला. मांजरं त्याला फारशी कुरकुर करत नाहीत.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतो, ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो आणि थेंब पडत नाही, हे दिसलं की तिथल्या तिथे निघायचं. बद्धकोष्ठ आणि तुंबणं लांबून अगदी सारखं दिसतं. घरी सगळे बद्धकोष्ठच समजतात आणि एरंडेल पाजतात. तुमचं एकट्याचं चुकलं असं समजू नका. पंचवीसेक वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला मला असाच फोन आला होता, «बोका कुंथतोय.» मी विचारलं नाही की लघवी केव्हा झाली. म्हटलं, सकाळी आणा. सकाळी त्यांनी आणला तो पिशवीत. तेव्हापासून मांजराच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न लघवीचा असतो, मांजर खरूज दाखवायला आलेलं असलं तरी.

तुंबलेल्या लघवीबरोबर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. हे एक-दोन दिवसांत होतं, कधी त्याहून लवकर. उलट्या, कोपऱ्यात जाऊन पडणं, अंग गार लागणं ही उशिराची लक्षणं. पोटात मागच्या बाजूला मोसंबीएवढा टणक गोळा लागला तर तो मूत्राशय. दाबून लघवी काढायला जाऊ नका, फुटतो. नळी घालायच्या आधी बऱ्याचदा सलाईन आणि हृदयासाठीचं इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून जिथे हे होतं तिथेच न्यायचं. आजच दोन-तीन फोन करून ठेवा: तुमच्या जवळ रात्री-अपरात्री बोक्याला नळी कोण घालतं? वाईहून पुण्याला जाताना खंबाटकी ओलांडला की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कुठल्या वेळेत काय होतं हेही विचारून घ्या. रात्री गाडी काढल्यावर विचारत बसायला वेळ नसतो. एकदा तुंबलेला बोका पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा तुंबण्याचा धोका जास्त असतो. ते आठवडे तुमचे पार पडले, पण पहारा सोडू नका.

राहिलं मे महिन्यातलं गावाला जाणं. गोट्याला बरोबर नेऊ नका, बोर्डिंगलाही ठेवू नका. त्याचं घर, त्याचा ट्रे, त्याची गोधडी तिथेच राहू द्या आणि काकूंनाच विनवा. माणूस प्रेमाचं आहे हे सुकटीवरून कळतंच आहे. ट्रेमध्ये ओल लागताच गाठी धरणारी माती वापरत असाल तर जायच्या आधी आठवडाभर रोज त्यातल्या लघवीच्या गाठी मोजा. दिवसाला दोन-तीन, कधी चार निघतील. त्या आठवडाभर मनीला वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या ट्रेवर ठेवलं तर हिशेब चुकणार नाही. हा आकडा कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा आणि काकूंना सांगा, सकाळ-संध्याकाळ गाठी मोजून फोन करायचा. एकही नाही किंवा नुसते वाटाण्याएवढे ठिपके, तर वाट न बघता रिक्षा बोलवायची. डॉक्टरांचा नंबर, थोडे पैसे आणि मांजराची टोपली दाराशी ठेवून जा. पाऊच मोजून द्या, दिवसाचे वेगळे काढून. सुकटीचा डबा मात्र त्यांच्याच घरी राहू द्या.